उभ्या उभ्या बाद

पोर्ट एल्डन, मिशिगन
२७ जुलै १९७१

प्रिय गेरिट,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. सोबत मागच्या आठवड्यातल्या पाच बेसबॉल सामन्यांच्या नोंदींची पानं पाठवते आहे. नेहमीसारखंच, मूळ पान वहीत आणि कार्बनखालची प्रत तुला. पहिल्या पानावरचा पिवळा डाग मोहरीचा आहे. मिस्टर कोपेकींच्या सॉसेजमधून गळली. मी म्हटलं, "मिलर्सचा माणूस, दुसरं काय करणार!" ते म्हणाले, "बाई, तुमच्या संघाने या वर्षी केलेली सगळ्यात अचूक फेक ही माझ्या मोहरीची आहे."

वीस वर्षं हा माणूस आपल्या गावात राहतो, आपल्या गावची कर भरलेली गटारं वापरतो, आणि टोपी मात्र कार्व्हर फॉल्सच्या मिलर्सची घालतो. त्याच्या शेजारची जागा मला कोणी दिली, देव जाणे.

तर ऐक. एप्रिलमध्ये तू बोटीवर चढलास तेव्हा आपले गल्स पूर्व गटात शेवटून दुसरे होते. आज आपल्यापुढे फक्त मिलर्स आहेत, आणि तेही जय-पराजयाच्या हिशोबात दीड सामन्याने. गटात पहिला येईल तो अंतिम फेरीत, बाकीच्यांनी घरी जाऊन मासे पकडावेत. सहा सप्टेंबरला, कामगार दिनाला, हंगाम संपतो. शेवटचे तीन सामने आपल्याच मैदानावर, मिलर्सशीच. वेळापत्रक ज्याने केलं त्याला बक्षीस द्यायला हवं किंवा तुरुंगात टाकायला हवं.

आपला प्रूट कमाल खेळतो आहे. बाद होतो तेव्हासुद्धा बॅट अशी फिरवतो की सहाव्या रांगेत माझ्या टोपीला वारा लागतो. मला असेच खेळाडू आवडतात.

बाबांची वही एकतीस वर्षांची झाली. रविवार देवाचा, तो सोडला तर घरचा एकही सामना चुकलेला नाही. माझं लग्न आणि हेन्रीचं दफन, दोन्ही संघ बाहेरगावी असताना झाली. या वर्षीही चुकणार नाही.

मी ठीक आहे. चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून डॉक्टरांकडे गेले होते. उजवा डोळा गोवरात गेला तो गेलाच, सगळं काम डावा एकटा करतो, थकत असेल बिचारा. शहरातल्या मोठ्या डॉक्टरांना दाखवा म्हणाले. ऑगस्टमध्ये कोण जातंय शहरात!

पेपरमिंटची पुडी घातली आहे. प्रवचनाला ठेव, सगळी एकदम खाऊ नकोस.

तुझी बहीण,
नेल


सुपीरियर सरोवर, बोटीवरून
५ ऑगस्ट

प्रिय नेल,

नदीच्या वळणावर टपालाची होडी आली. आम्ही वरून दोरीला बादली सोडली आणि बादलीत तुझा लिफाफा वर आला. इतरांना बायकांची पत्रं येतात, पण भोवती गर्दी जमते ती माझ्या लिफाफ्याला.

इथे आपल्या गावचा रेडिओ लागत नाही आणि मोठ्या वर्तमानपत्रांना आपल्या लीगचं नावही ठाऊक नाही. म्हणून रात्रीची भांडी झाली की मी भटारखान्यातल्या टेबलावर तुझं पान पसरतो आणि एकेक खूण वाचून सामना सांगतो. कोण खेळायला आला, चेंडू कुठे गेला, कोणी झेलला. निकाल आधी सांगायचा नाही असा नियम आहे. एकाने शेवटचा डाव चोरून पाहिला तर त्याला दोन दिवस जेवणानंतर ॲपल पाय मिळाला नाही. सुकाणूवरचा टोइवो हा फिन्लंडचा माणूस, त्याने जन्मात बेसबॉल पाहिलेला नाही, पण आता प्रूटवर पैजा लावतो. पैज ॲपल पायची असते, तेव्हा मी चालवून घेतो.

माझं चाललं आहे. पहाटे साडेतीनला पीठ मळायचं, ते फुगेपर्यंत एक स्तोत्र वाचायचं. पीठ फुगायला लागणारा वेळ आणि एक स्तोत्र शांतपणे वाचायला लागणारा वेळ सारखा नसतो, पण मी तो सारखा करून घेतला आहे. नोव्हेंबरमध्ये पन्नास पूर्ण होतील. या वयात माणसाने काय मागावं याचा विचार करत होतो. फारसं काही सुचलं नाही. तू, ही बोट, आणि आपला संघ गटात पहिला. शेवटचं मागणं देवापुढे ठेवायला जरा संकोच वाटतो, म्हणून ते मी दाराशी उभं करून ठेवतो.

तुझं अक्षर मोठं झालं आहे. पूर्वी एका चौकटीत तू चार खुणा बसवायचीस. शहरातल्या डॉक्टरांकडे जा. ऑगस्टमध्येही शहर जागेवरच असतं.

गेरिट


पोर्ट एल्डन
१२ ऑगस्ट

प्रिय गेरिट,

अर्धा सामना! फक्त अर्धा सामना मागे!

मंगळवारी नवव्या डावात आपण दोन धावांनी मागे होतो. प्रूटने चेंडू असा मारला की तो कुठे गेला ते कोणालाच दिसलं नाही. मग डावीकडच्या कुंपणापलीकडे लाकडाच्या वखारीतून कुत्रा भुंकायला लागला, आणि सगळं मैदान उठून उभं राहिलं. मिस्टर कोपेकी बसून होते. मी म्हटलं, "उठा, तुमच्या गुडघ्यांना व्यायाम होईल." म्हणाले, "माझे गुडघे मिलर्सचे आहेत, ते सप्टेंबरमध्ये उठतील."

आजकाल ते फार बडबडतात. प्रत्येक चेंडू मोठ्याने सांगतात. "मारला, उंच गेला, मधल्याने झेलला, बाद." जणू मी पैसे टाकून रेडिओ लावला आहे. मी गप्प बसते आणि लिहिते.

पाचही पानं सोबत आहेत. गुडघ्याला थोडं खरचटलं आहे, मैदानाच्या पायऱ्यांवर एक पायरी जास्त निघाली. काळजी नको. वाटाण्याचं सूप करून ठेवलं आहे, तीन दिवस तेच खाईन.

डॉक्टरांचं नंतर बघू. माझ्यामागे सारखं लागू नकोस, तू धाकटा आहेस.

नेल


ह्यूरॉन सरोवर
१७ ऑगस्ट

प्रिय नेल,

हे पत्र मी तीन वेळा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं लिहितो.

परवा रात्री मी टेबलावर मंगळवारचा सामना सांगितला. वखारीतल्या कुत्र्यापाशी आलो तेव्हा सगळ्यांनी चमचे आपटले. मग टोइवो म्हणाला, "गेरिट, तुझ्या बहिणीच्या गावात सगळे मर्द दिसतात. इतके लोक बाद होतात, पण एकही जण उभ्या उभ्या बाद होत नाही!"

सगळे हसले. मीही हसलो. सगळे झोपायला गेल्यावर मी डब्यातून जुनी पानं काढली.

बाबांनी आपल्याला शिकवलं होतं ते आठव. मी सात वर्षांचा होतो, तू वीस. फलंदाजाला तीन संधी. तिसऱ्या संधीला बॅट फिरवून चुकला तर चौकटीत सरळ इंग्रजी के. आणि चांगला चेंडू समोरून जात असताना नुसता बघत उभा राहिला आणि बाद झाला, तर के उलटा काढायचा, आरशात दिसतो तसा. बाबा म्हणायचे, "त्याने खेळाकडे पाठ फिरवली, आपण त्याच्या अक्षराला पाठ फिरवायला लावू." तुला उलटा के काढायला फार आवडायचं. जोरात काढायचीस, पेन्सिल मोडायची.

मेमध्ये तुझ्या पानांवर असे एकोणतीस आहेत. जूनमध्ये तेवीस. जुलैच्या वीस तारखेपर्यंत अकरा. त्यानंतरच्या नऊ सामन्यांत शंभराच्या वर के आहेत, आणि त्यात उलटा एकही नाही.

बाद झाला हे गर्दीच्या आवाजावरून कळतं. चेंडू कुठे गेला ते शेजारचा माणूस सांगतो. बॅट फिरली की नाही, हे मात्र बघावं लागतं.

नेल, तुला दिसत नाही.

किती दिसत नाही आणि मोठे डॉक्टर काय म्हणाले, ते खरं खरं लिही. तू जाऊन आली आहेस, मला माहीत आहे. जी बाई गुडघा खरचटलेला लपवत नाही, ती दुसरं काहीतरी लपवत असते. चोवीस तारखेला आम्ही डेट्रॉइट नदीत असू. टपालाची होडी चुकवू नकोस.

गेरिट


पोर्ट एल्डन
२१ ऑगस्ट

गेरिट,

अकरा नव्हे, बारा. वीस जुलैचा मोजायचा राहिला, तो मोहरीच्या डागाखाली आहे.

होय, गेले होते. डोळ्याच्या आतला पडदा खालून सुटतो आहे. भिंतीवरचा कागद ओल आल्यावर सुटतो तसा, असं डॉक्टर म्हणाले. खालचा सुटला की वरचं दिसत नाही, हे काय गणित आहे ते देवाने केलं आहे, मी नाही. वरून सावली उतरते आहे. उंच चेंडू त्या सावलीत जातात आणि परत येत नाहीत. आणि आता मधलंही लाटेसारखं हलतं. फलंदाज दिसतो, त्याच्या हातात काय चाललं आहे ते दिसत नाही. गेला महिना मी कानांनी लिहिते आहे. बाद कसा झाला ते कोपेकींना विचारायची लाज वाटायची. मिलर्सच्या माणसाला मी काय म्हणून विचारू? सरळ के काढायचे आणि पुढे जायचं.

शस्त्रक्रिया करा म्हणतात, ताबडतोब. नंतर दोन आठवडे दोन्ही डोळे बांधून, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून निपचित पडायचं. हलायचं नाही, शिंकायचं नाही, हसायचं नाही. म्हणजे सगळा शेवटचा टप्पा गेला. मी त्यांना सात सप्टेंबरची तारीख मागितली. ते म्हणाले, "तोपर्यंत पडदा थांबेल याची खात्री मी देत नाही. एकदा मधला भाग सुटला की मग माझ्या हातात काही नाही." मी म्हटलं, "डॉक्टर, आम्ही मिलर्सच्या बरोबरीला आलो आहोत." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी डच भाषेत बोलले.

मी ठरवलं आहे. एकतीस वर्षांत वही अडली नाही. बाबा न्यूमोनियात घोंगडी पांघरून मैदानावर बसले होते. सोळा दिवस राहिलेत. माझा डोळा बासष्ट वर्षं टिकला, सोळा दिवस टिकेल.

ओरडू नकोस. बोटीवरून तुझा आवाज इथे येत नाही.

नेल

ता.क. आता खरोखरच बरोबरीला आहोत. काल जिंकलो.


डेट्रॉइट नदी
२४ ऑगस्ट

प्रिय नेल,

टपालाची होडी थांबलेली आहे आणि तिचा माणूस घाई करतो आहे. बादली खाली लोंबकळते आहे. थोडक्यात लिहितो.

बाबा घोंगडी पांघरून बसले होते हे तू लिहिलंस. त्या हिवाळ्यात ते कसे गेले हे लिहिलं नाहीस.

मी ओरडत नाही. तुला एकच विचारतो. डॉक्टरने चेंडू फेकलेला आहे. तो सरळ, पट्टीत, मध्यभागातून येतो आहे. तू बॅट खांद्यावर ठेवून बघत उभी आहेस आणि म्हणते आहेस, मी ठाम उभी आहे. अशा माणसाच्या चौकटीत तू स्वतः काय काढतेस?

शस्त्रक्रिया बिघडू शकते. बॅट फिरवूनही चेंडू चुकतो. चुकला तर चुकला, मी सरळ के काढीन आणि तुझा हात धरून तुला चर्चला नेईन. पण तुझ्या चौकटीत मला उलटा के काढायला लावू नकोस.

वहीचं म्हणशील तर वही मिस्टर कोपेकींना दे. हो, त्यांनाच. मी विचार केला. महिनाभर तो माणूस मोठमोठ्याने बडबडतो आहे ते बडबड्या म्हणून नव्हे. तुला दिसत नाही हे माझ्या आधी त्याला कळलं होतं. त्याने तुला कधी विचारलं नाही आणि कोणाला सांगितलं नाही. आणि आपल्या प्रूटचे चेंडूसुद्धा त्याने खरेच सांगितले, कारण पानावर काही खोटं असतं तर धावांची बेरीज जुळली नसती. वही सांभाळायला याहून जास्त काय लागतं?

बादली ओढताहेत. तुझ्यासाठी रोज पहाटे मागतो. हे मागणं मी दाराशी ठेवलेलं नाही, आत नेलं आहे.

गेरिट


(पोस्टकार्ड)
२७ ऑगस्ट

सोमवारी दवाखान्यात दाखल होते. मंगळवारी शस्त्रक्रिया. तुझं पत्र कोपेकींकडून वाचून घ्यावं लागलं, एवढं बारीक लिहू नकोस. म्हणजे त्यांनी स्वतःची स्तुतीही वाचली. चर्च पेटल्यासारखे लाल झाले.

वही दिली. तीन अटी घालून: पेन्सिल टोकदार, मोहरी लांब, आणि जे दिसेल तेच लिहायचं. म्हणाले, "आणि मिलर्स जिंकले तर?" मी म्हटलं, "तर तेही. पण अक्षर लहान काढा."

एका सामन्याने पुढे आहोत. नेल


दवाखाना
७ सप्टेंबर

प्रिय गेरिट,

(नेल बोलते आहे आणि मी लिहितो आहे. चुका माझ्या, टोमणे तिचे. ओ. कोपेकी.)

मी जिवंत आहे. डॉक्टर म्हणतात काम नीट झालं, पण पट्ट्या सुटेपर्यंत काही बोलायचं नाही. तेरा तारखेला सोडतील, दिसलं तर दिसलं. आज आठवा दिवस. डोक्याला दोन बाजूंनी वाळूच्या पिशव्या आहेत. हसायचं नाही अशी सक्त ताकीद आहे, आणि शेजारी मिलर्सचा माणूस आणून बसवला आहे. (मी साठ मैल बसने आलो. कोणी आणून बसवलेलं नाही.)

आपल्या गावचा रेडिओ इथे लागत नाही. आठ दिवस मला काहीच ठाऊक नव्हतं. परिचारिकेला विचारलं तर ती म्हणाली, "कुठले गल्स? समुद्रपक्षी?" तिला काय सांगणार!

मिस्टर कोपेकी सकाळी आले, टोपी काढली (हे तिला कसं कळलं?) (ती म्हणते, तुमचा आवाज खाली वाकून आला, म्हणून.) आणि मी निकाल विचारला. म्हणाले, "तुमच्या भावाच्या बोटीवर निकाल आधी सांगत नाहीत." मग पहिल्या डावापासून कालचा सामना सांगितला. दीड तास. शनिवारी आपण हरलो होतो, रविवारचं पान कोरं, पण तेव्हाही हरलोच, असं कळलं. म्हणजे आदल्या आठवड्यात दोन सामन्यांची आघाडी कमावली होती ती सगळी गेली, आणि काल सकाळी दोन्ही संघ अगदी बरोबरीत. शेवटचा एक सामना, जिंकेल तो गटात पहिला. गावातली सगळी दुकानं बंद होती. पाद्रीबुवा दुसऱ्या रांगेत होते.

नववा डाव. मिलर्स चार, आपण तीन. दोघे बाद. आपला एक माणूस दुसऱ्या टप्प्यावर, एक तिसऱ्यावर. एक फटका बसला की दोघेही धावत घरी, दोन धावा आणि सगळं आपलं. आणि खेळायला प्रूट!

मी म्हटलं, "थांबा जरा." परिचारिकेला माझा हात धरायला सांगितला. मग म्हटलं, "सांगा."

मिस्टर कोपेकींनी वही मिटल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "तीन चेंडू बाहेरचे, दोन आतले, एकच संधी उरली. शेवटचा चेंडू हळू आला, खाली वळला. प्रूटने जीव खाऊन बॅट फिरवली. टोपी उडाली, स्वतःभोवती गिरकी घेऊन गुडघ्यावर पडला. लागला नाही."

तर संपलं, गेरिट. गट त्यांचा.

मी रडले नाही, कारण रडायलाही बंदी आहे. म्हटलं, "अभिनंदन, मिस्टर कोपेकी." म्हणाले, "राहू द्या." मिलर्स गटात पहिले आले आणि हा माणूस माझ्या खाटेपाशी असा बसला आहे की जणू त्याचाच कोणी गेला. (उकडत होतं.)

पण एका गोष्टीचं बरं वाटतं. प्रूटने बॅट फिरवली. मीही फिरवली आहे. आता चेंडूला लागली की नाही ते तेरा तारखेला. तोवर त्याच्या टोपीचा विचार करत पडून राहीन.

नेल

(कालच्या पानाची कार्बन प्रत सोबत घातली आहे. गेरिट, नीट बघा, आणि मग गप्प बसा. हे वाक्य तिने सांगितलेलं नाही. ओ. को.)


ह्यूरॉन सरोवर
१० सप्टेंबर

मिस्टर कोपेकी यांस,

आपल्या दोघांचं आजवर कधी बोलणं झालेलं नाही, तरी मी तुम्हाला ओळखतो असं वाटतं.

तुम्ही सांगितलंत तसं पान नीट बघितलं. भटारखान्यातल्या टेबलावर सगळ्यांसमोर वाचत होतो. शेवटच्या चौकटीशी आलो आणि तिच्यावर बोट ठेवलं. टोइवोने मान पुढे करून पाहिलं. तो एवढंच म्हणाला, "अरे, हा एक सापडला."

स्वच्छ, टोकदार पेन्सिलने काढलेला उलटा के. प्रूट नुसता उभा होता.

तुम्ही तिला तोंडाने एक सांगितलंत आणि वहीत दुसरं लिहिलंत. का, ते मला समजतं. ती त्या फिरलेल्या बॅटवर आपला जीव टांगून पडली आहे, आणि ती बॅट तिच्या हातात मीच दिली होती. वहीत खोटं लिहायला तुमचा हात धजला नाही, आणि त्या खाटेपाशी खरं बोलायला जीभ धजली नाही. मी असतो तर काय केलं असतं याचा कालपासून विचार करतो आहे. खोटं बोलू नये असं मला लहानपणापासून शिकवलेलं आहे आणि ते मी मानतो. तरी आज पहाटे स्तोत्र वाचताना तुमच्यासाठी माफी मागायला गेलो, आणि आभार मानून परत आलो.

सोबत दुसरा कागद आहे. तो तिला वाचून दाखवा. हा नको.

आपला,
गेरिट

(दुसरा कागद)

प्रिय नेल, पान मिळालं. प्रूटचं वाचलं. बोटीवर सगळ्यांनी मिनिटभर चमचे खाली ठेवले. अठरा तारखेला बोट दुरुस्तीला लागते, तीन दिवसांची सुट्टी मिळते आहे. काय दिसतं आणि काय नाही, ते मला तुझ्या हाताने लिहून कळव. एक ओळ पुरे. अक्षर कितीही मोठं चालेल. गेरिट


पोर्ट एल्डन
१५ सप्टेंबर

प्रिय गेरिट,

मी लिहिते आहे. मी. स्वतः. ओळी खाली घसरतात, घसरू देत.

तेरा तारखेला सकाळी डॉक्टरांनी पट्ट्या सोडल्या. खोली अंधारी केली होती. आधी नुसतं दूध सांडल्यासारखं पांढरं, मग त्यात काही काही उभं राहायला लागलं. डॉक्टर म्हणाले, "घाई नको. समोर काय दिसतं ते सावकाश सांगा."

समोर ओटो उभा होता, म्हणजे मिस्टर कोपेकी. छातीशी आपली वही धरून. मी म्हटलं, "वही दाखवा. शेवटचं पान."

तो म्हणाला, "आज नको, बाई. डोळ्यांना ताण पडेल."

"वही."

"उद्या."

"मिस्टर कोपेकी, मी दोन आठवडे हसले नाही, शिंकले नाही, रडले नाही. आता मी ओरडणार आहे."

त्याने वही उघडली आणि इतक्या लांब धरली, जणू ती पेटली आहे. डॉक्टरांनी ती घेऊन माझ्यासमोर आणली. मी नवव्या डावावर बोट ठेवलं आणि चौकटी मोजत खाली आले. शेवटची चौकट.

डॉक्टरांनी विचारलं, "काय दिसतं?"

मी म्हटलं, "उलटा के."

ते म्हणाले, "उलटा? म्हणजे अजून आकार फिरलेले दिसताहेत का?" आणि काळजीने विजेरी घेऊन माझ्या डोळ्यात बघायला वाकले. मी म्हटलं, "डोळा ठीक आहे, डॉक्टर. प्रूट फिरलेला आहे." मग ओटोकडे पाहिलं. तो खिडकीकडे तोंड करून उभा होता. मान एवढी लाल की मला ती त्या अंधारातही दिसली.

"त्याची टोपी उडाली होती," मी म्हटलं. "गिरकी घेऊन पडला होता."

"हो," खिडकीकडेच बघत तो म्हणाला. "मी जरा जास्तच पाडला त्याला."

"आणि माझ्या भावाला हे ठाऊक होतं?"

त्याने खिडकीची कडी उगाच तपासली. म्हणजे ठाऊक होतं. गेरिट, तू चर्चमध्ये तिसऱ्या बाकावर बसतोस ना! मिनिटभर चमचे खाली ठेवले म्हणे!

मग ओटोने विचारलं, "रागावलात?"

मी म्हटलं, "हो. फार. आणि किती बरं वाटतंय."

अठराला ये. वाटाण्याचं सूप ताजं करीन. प्रूटला मी माफ करणार नाही, पण त्याने वर्षभर जे केलं तेही वहीत आहे, आणि आता मला ते वाचता येतं.

डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली ती तुझ्यापासून लपवत नाही. पडदा परत बसला आहे, पण नजरेतली वरची एक पट्टी गेली ती गेली. उंच मारलेला चेंडू मला यापुढे दिसणार नाही. मी ओटोला तसं सांगितलं. म्हटलं, उंच चेंडू तुम्ही सांगायचे, बॅट फिरली की नाही ते माझं मी बघीन.

तो म्हणाला, चालेल, पण मिलर्सची टोपी मात्र काढणार नाही.

नेल